टाच सुटली तेव्हा

२५ मार्च १९९४. कॅनडातल्या कॅल्गरी शहराचं छप्पर घातलेलं ऑलिंपिक ओव्हल. जर्मनीची गुंडा नीमन बर्फावरून ३००० मीटर अंतर ४ मिनिटं ९.३२ सेकंदांत कापते आणि जागतिक विक्रम करते. आता २७ मार्च १९९८. तेच ओव्हल, तेच अंतर आणि स्केटरही तीच. आडनाव आता नीमन-स्टीरनमन झालंय आणि वय २७ वरून ३१ वर गेलंय. वेळ लागते ४ मिनिटं १.६७ सेकंद.

ज्या खेळात विक्रम सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोडतात, तिथे हा फरक साडेसात सेकंदांहून मोठा आहे. १९९४ ची गुंडा आणि १९९८ ची गुंडा एकाच वेळी सुटल्या असत्या, तर पहिली अंतिम रेषेपासून नव्वदेक मीटर मागे असताना दुसरी शर्यत संपवून मोकळी झाली असती.

हा वेग किती महाग आहे, तेही पाहू. स्केटरची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग ३ टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे १० टक्के जास्त लागते. चार वर्षांपूर्वीच जगात सर्वोत्तम असलेल्या बाईला तिशी ओलांडल्यावर १० टक्के जास्त शक्ती कुठून मिळाली? चार वर्षांत पोशाख सुधारतात, बर्फ राखण्याचं कसब सुधारतं, हे खरं आहे. पण या उडीचं मोठं कारण तिच्या बुटाखाली होतं: एक बिजागरी आणि एक स्प्रिंग. आणि त्या बिजागरीवर जगात सर्वांत आधी भरवसा ठेवणाऱ्या अव्वल खेळाडू लांब पल्ल्याच्या महिला स्केटर होत्या. त्यांनी तो भरवसा ठेवला, त्या हंगामांची गोष्ट मला विज्ञानाच्या आणि खेळाच्या इतिहासातली अतिशय देखणी गोष्ट वाटते.

आधी शर्यत समजून घेऊ. चारशे मीटरचा लंबगोल बर्फाचा मार्ग, त्यावर आतली आणि बाहेरची अशा दोन पट्ट्या. एका वेळी दोघीच धावतात. आतली पट्टी छोटी पडते, म्हणून दर फेरीत समोरच्या सरळ भागात दोघी पट्ट्यांची अदलाबदल करतात. दोघी एकदमच तिथे पोचल्या तर बाहेरून आत येणारीला आधी वाट मिळते. ३००० मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या, ५००० मीटर म्हणजे साडेबारा. शेजारच्या पट्टीतली प्रतिस्पर्धी ही खरी प्रतिस्पर्धी असेलच असं नाही. खरी झुंज घड्याळाशी असते आणि जिच्याशी सुवर्णपदकासाठी स्पर्धा आहे, ती कदाचित अजून बाकावर बसून बुटांच्या नाड्या आवळत असते. प्रशिक्षक मार्गाकडेला फलक धरून उभे असतात, त्यावर फक्त गेल्या फेरीची वेळ. लांब पल्ल्याची सगळी कला त्या एका आकड्यात आहे: पहिल्या फेरीचा आकडा बाराव्या फेरीपर्यंत किती ढळू द्यायचा.

ऑलिंपिकमध्ये महिलांचं स्पीड स्केटिंग १९६० साली आलं, तेव्हा सर्वांत लांब अंतर ३००० मीटर होतं. ५००० मीटरला १९८८ पर्यंत वाट पाहावी लागली.

आता बर्फाकडे वळू. बर्फ निसरडा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण किती निसरडा, हे आकड्यांत पाहिलं की थक्क व्हायला होतं. ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातल्या संशोधकांनी स्केटच्या पात्यांवर बल मोजणारी उपकरणं बसवून प्रत्यक्ष स्केटिंग चालू असताना घर्षण मोजलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांत घर्षणाचा गुणांक सरळ मार्गावर सरासरी ०.००४६ आणि वळणावर ०.००५९ निघाला. म्हणजे ६५ किलो वजनाच्या स्केटरला बर्फ मागे ओढतो तो जेमतेम ३०० ग्रॅमच्या वजनाएवढ्या जोराने. बाकीचा जवळपास सगळा अडथळा हवेचा. म्हणून तर स्केटर कमरेत वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून, गुडघे काटकोनाच्या आसपास दुमडून जातात. अशा बैठकीत मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात, त्यांच्यातून रक्त मोकळं वाहू शकत नाही आणि प्राणवायूचा तुटवडा पडतो. शेवटच्या फेऱ्यांत पाठ हळूहळू वर येऊ लागते. वर आली की हवा झोंबते, वेग उतरतो. मांडीची आग सोसून खाली राहणं, हेच या अंतरांचं दिव्य आहे.

वळणावर तर आणखी वेगळं गणित. आतल्या पट्टीच्या वळणाची त्रिज्या पंचवीस-सव्वीस मीटर. सेकंदाला १२ मीटर वेगाने त्यातून जायचं तर शरीर उभ्या रेषेपासून जवळपास ३० अंश आत कलवावं लागतं, आणि त्या कललेल्या अवस्थेत उजवा पाय डाव्यावरून टाकत पुढे जायचं. पात्याची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. सगळा भार तेवढ्यावर.

पण ज्या जमिनीवर पाय टिकतच नाही, तिथे जोर लावायचा कसा? आपण धावतो तेव्हा पाय जमीन मागे ढकलतो. बर्फावर पातं मागे ढकललं तर ते नुसतं सरकेल. ते ज्या दिशेला रोखलेलं आहे त्या दिशेला सरकतं, आणि जोर फक्त त्याच्या काटकोनात, म्हणजे बाजूला, लावता येतो. म्हणून स्केटर बाजूला ढकलते आणि पुढे जाते. पातं किंचित तिरकं धरून बाजूला दिलेल्या रेट्याचा एक अंश पुढच्या वेगात मिसळतो, मग दुसरा पाय, दुसरी बाजू. प्रेक्षकांना सरळ रेषेत सुसाट जाताना दिसणारी बाई प्रत्यक्षात डावी-उजवीकडे नागमोडी वाहत असते.

या बाजूच्या रेट्यातच शंभर वर्षांची अडचण दडलेली होती. उंच फळीवरचा डबा काढायला आपण टाचा उचलून चवड्यांवर उभे राहतो. गुडघा पूर्ण सरळ झाला तरी घोट्याच्या त्या हालचालीने चार बोटं उंची आणखी मिळते. उडी मारतानाही शेवटचा झटका तिथूनच येतो. जुन्या स्केटवर हेच करायला मनाई होती. त्यात पातं बुटाला पुढे आणि मागे दोन्हीकडे घट्ट बसवलेलं. टाच उचलली की पात्याचं टोक बर्फात रुतणार आणि बर्फ खरवडत वेग खाणार. म्हणून लहानपणापासून शिकवण एकच: टाच खाली ठेवा, घोटा हलू देऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या स्केटरनी आपल्याच पोटऱ्यांना गप्प बसवायचं कसब घोटलं.

खेरित यान फान इंगेन स्खेनाउ हे त्याच ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातले जैवयांत्रिकीचे संशोधक. घर्षणाच्या त्या अभ्यासातही ते होते. उडी मारणाऱ्या माणसाचा पाय आणि स्केटरचा पाय यांची तुलना करताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. स्केटरचा गुडघा पूर्ण सरळ होण्याआधीच तिचं पातं बर्फावरून उचललं जात होतं. मांडीच्या स्नायूंत अजून दम असताना रेटा संपत होता. कारण भूमितीत होतं. दुमडलेला गुडघा उलगडू लागतो तेव्हा कंबर आणि घोटा यांच्यातलं अंतर झपाट्याने वाढतं, पण पाय सरळ होत आला की गुडघा कितीही वेगाने फिरला तरी ते अंतर फारसं वाढत नाही. उडीत नेमक्या या क्षणी घोटा मदतीला येतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर सुरू होतो आणि खाली टाचेला जाऊन मिळतो, दोन सांध्यांवरून जातो. त्यामुळे गुडघा उलगडण्याचा जोर तो घोट्यापर्यंत पोचवू शकतो. निसर्गाने केलेली ही सुबक जोडणी स्केटच्या बुटात बंद पडून होती.

त्यांचा उपाय ऐकायला साधा आहे. पातं बुटाच्या मागच्या बाजूने सोडवायचं आणि पुढे, चवड्याखाली, बिजागरीवर बसवायचं. टाच उचलली तरी पातं सपाट बर्फावरच राहील, रेटा शेवटपर्यंत चालेल, आणि पाय उचलला की स्प्रिंग पात्याला ओढून पुन्हा बुटाला भिडवेल. भिडताना ते टाळीसारखं वाजतं, म्हणून नाव पडलं क्लॅप स्केट. अशा स्केटचं एक पेटंट १८९४ सालीच कार्ल हानेस नावाच्या जर्मन माणसाने घेतलेलं होतं आणि ते विस्मरणात गेलं होतं. फान इंगेन स्खेनाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नमुने बनवले, वायकिंग या डच स्केट कंपनीबरोबर ते सुधारले, आणि मग पुढची दहाएक वर्षं कोणीही मोठा खेळाडू ते पायात घालायला तयार झाला नाही.

हा नकार मला समजतो. लहानपणापासून घोटा आवरून धरायला शिकलेल्या माणसाला आता घोटा सोड म्हणायचं. नव्या स्केटवर पहिले दिवस तोल जातो, जुनी लय मोडते, वेळा आधी बिघडतात. एखादा हंगाम पणाला लावायची तयारी हवी. तेव्हा १९९४-९५ मध्ये संशोधक ज्युनियर खेळाडूंकडे गेले. दक्षिण हॉलंडच्या ११ कुमार स्केटरनी तो हंगाम क्लॅप स्केटवर काढला. त्यांच्या वेळा सरासरी ६.२ टक्क्यांनी सुधारल्या. जुन्या स्केटवरच्या त्यांच्या बरोबरीच्या खेळाडूंची सुधारणा होती २.५ टक्के. वाढत्या वयाची मुलं दरवर्षी सुधारतातच, पण हा फरक डोळ्यांत भरणारा होता.

आणि मग आला १९९६-९७ चा हंगाम. नेदरलंड्सच्या राष्ट्रीय महिला संघातल्या टोनी दे योंग, कार्ला झाइल्स्ट्रा, बार्बरा दे लोर यांनी क्लॅप स्केट घालून जागतिक पातळीवर उतरायचं ठरवलं. पुरुष संघातले मोठे तारे अजून कडेला थांबून पाहत होते. लांब पल्ल्याच्या स्केटरनी आधी हे धाडस करावं, यालाही कारण असावं असं मला वाटतं. छोट्या शर्यतीत सुटण्याचा क्षण निर्णायक असतो. तिथे पहिली काही पावलं पात्याच्या टोकावर अक्षरशः पळावी लागतात आणि सैल बिजागरीची धास्ती वाटणं साहजिक आहे. पाच हजार मीटरमध्ये सुरुवातीला दशांश सेकंद गेला तरी चालतो. साडेबारा फेऱ्यांत शेकडो रेटे आहेत. दर रेट्यात कणभर मिळालं तरी त्याची रास होते.

त्या जानेवारीत नेदरलंड्सच्या फ्रिसलंड प्रांतात बर्फाचं वेड शिगेला पोचलं होतं. कालवे आणि तळी गोठली होती आणि ४ जानेवारी १९९७ रोजी एल्फस्टेडनटोख्त भरली. अकरा गावांना जोडणारी, नैसर्गिक बर्फावरची सुमारे २०० किलोमीटरची ही यात्रा बर्फ पुरेसा जाड झाला तरच होते. त्या दिवशी महिलांत क्लासिना साइन्स्ट्रा पहिली आली. त्यानंतर ही यात्रा पुन्हा भरलेली नाही. त्याच महिन्यात, त्याच प्रांतातल्या हेरेनफेन गावी, थियाल्फच्या बंदिस्त ओव्हलवर युरोपीय अष्टपैलू स्पर्धा झाली. अष्टपैलू म्हणजे ५००, १५००, ३००० आणि ५००० मीटर, चारही अंतरं एकीनेच धावायची. प्रत्येक वेळ ५०० मीटरच्या हिशेबात आणून बेरीज करायची. जिची बेरीज सर्वांत कमी ती जिंकते. वर्षानुवर्षं ही बेरीज गुंडाच्या नावावर जमा होत आली होती. १९९७ मध्ये ती टोनी दे योंगने जिंकली, टाळ्या वाजवणाऱ्या स्केटवर.

एरफुर्टच्या गुंडाला हरवणं म्हणजे काय, हे त्या काळी या खेळाच्या जगात सगळ्यांना ठाऊक होतं. १९९० च्या दशकात लांब पल्ल्यावर तिचंच राज्य होतं. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ३००० आणि ५००० ही दोन्ही सुवर्णं तिची होती. जागतिक अष्टपैलू विजेतेपदं तिने कारकिर्दीत आठ वेळा मिळवली. तिच्यावर मात झाल्यावर वादाला तोंड फुटलं. हा स्केट न्याय्य आहे का, हा खेळ तोच राहतो का, असे प्रश्न विचारले गेले. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने बंदी घातली नाही. मग प्रश्न एवढाच उरला की फेब्रुवारी १९९८ च्या ऑलिंपिकआधी हे नवं चालणं कोण किती लवकर शिकतं.

गुंडाने शिकायचं ठरवलं, आणि हा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. तिच्याकडे गमावण्यासारखं सगळंच होतं. जुन्या तंत्रावर तिने विक्रमांची रांग लावलेली होती आणि तिशी पार झाल्यावर पायांना नवा क्रम शिकवायचा होता. डिसेंबर १९९७ मध्ये हेरेनफेनला तिने ३००० मीटरचा आपलाच विक्रम मोडला. जपानमध्ये नागानोच्या एम-वेव्ह ओव्हलवर ११ फेब्रुवारीला तिने ३००० मीटरचं सुवर्ण ४ मिनिटं ७.२९ सेकंदांत घेतलं. दुसरी क्लाउडिया पेखश्टाइन, तिसरी ॲनी फ्रीझिंगर. तिन्ही पदकं जर्मनीकडे.

आणि मग २० फेब्रुवारीची ५००० मीटर शर्यत. तोवर एकाही महिलेने हे अंतर सात मिनिटांच्या आत पार केलेलं नव्हतं. गुंडाचा स्वतःचा जागतिक विक्रम होता ७ मिनिटं ३.२६ सेकंद, तोही कॅल्गरीच्या विरळ हवेतला. नागानोत ती धावली आणि घड्याळ थांबलं ६ मिनिटं ५९.६५ सेकंदांवर. सात मिनिटांची भिंत पडली. पण सुवर्ण अजून ठरलेलं नव्हतं. तिच्यानंतर बर्लिनची पेखश्टाइन उतरली. चार वर्षांपूर्वी लिलेहामर ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर तिने गुंडाला अर्ध्या सेकंदाने मागे टाकलं होतं. यावेळी तिची वेळ आली ६ मिनिटं ५९.६१ सेकंद.

चार शतांश सेकंद. पाच किलोमीटर, साडेबारा फेऱ्या, ताशी सुमारे ४३ किलोमीटरचा वेग, आणि शेवटी दोघींमध्ये अंतर साधारण अर्ध्या मीटरचं, म्हणजे जवळपास एका पात्याच्या लांबीएवढं. दोघी शेजारी धावल्या नव्हत्या, वेगवेगळ्या जोड्यांत एकेकटीने घड्याळाशी झगडल्या होत्या. तरी सात मिनिटांत दोन शरीरांनी खर्च केलेली ताकद इतकी तंतोतंत सारखी भरावी, याचं नवल मला कधी सरत नाही. त्या शर्यतीत कांस्यपदक कझाकस्तानच्या ल्युदमिला प्रोकाशेवाला मिळालं. तिची वेळ होती ७ मिनिटं ११.१४ सेकंद, या दोघींपासून साडेअकरा सेकंद दूर.

नागानोतून पाच आठवड्यांनी गुंडा कॅल्गरीला गेली आणि सुरुवातीला सांगितलेली ती ३००० मीटरची वेळ लावली. दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला, तिने ५००० मीटर ६ मिनिटं ५८.६३ सेकंदांत पार करून तो विक्रमही परत घेतला. फान इंगेन स्खेनाउ त्याच वर्षी, १९९८ मध्ये, वारले. आपली बिजागरी साऱ्या जगाच्या पायांखाली पोचलेली मात्र त्यांनी पाहिली.

पण ज्या तर्काने हा स्केट जन्मला, तो तर्क पुढच्या अभ्यासात जसाच्या तसा उभा राहिला नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एकाच खेळाडूला आळीपाळीने जुना आणि नवा स्केट घालून दोन्ही रेट्यांचं मोजमाप केलं. अपेक्षा होती की जास्तीचं काम पोटरीकडून, घोट्याकडून येईल. प्रत्यक्षात जास्तीच्या कामाचा मोठा वाटा गुडघ्याकडून येताना दिसला. कारण असं की जुन्या स्केटवरही पाऊल अखेरच्या क्षणी थोडं फिरतच होतं, फक्त ते पात्याच्या अगदी पुढच्या टोकाभोवती फिरायचं, पावलापासून दूर. बिजागरीने तो फिरण्याचा बिंदू मागे, चवड्याखाली आणला. त्यामुळे पाऊल फिरवणं सोपं झालं आणि त्याच्या आधाराने गुडघ्याला आपला रेटा पुरा करता आला. म्हणजे स्केट चालला, पण ज्या कारणाने चालेल असं वाटलं होतं त्याहून जरा वेगळ्या कारणाने. तो घडवणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेने हे शोधून जाहीरपणे मांडलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

फिरण्याचा बिंदू इतका महत्त्वाचा, तर तो नेमका कुठे असावा? नंतरच्या अभ्यासांत प्रत्येकासाठी एकच उत्तर निघालं नाही. एकीला बिजागरी थोडी पुढे मानवते, दुसरीला थोडी मागे, आणि मिलिमीटरांच्या फरकाने रेट्याची ताकद बदलते. त्या शोधाच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या मांड्यांच्या जोरावर विक्रम उतरत गेले. २००१ मध्ये पेखश्टाइनने ३००० मीटर प्रथमच चार मिनिटांच्या आत आणले. कॅनडाच्या सिंडी क्लासनने २००६ मध्ये ३ मिनिटं ५३.३४ सेकंदांची वेळ लावली, ती तेरा वर्षं टिकली. मार्च २०१९ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या मार्टिना साब्लिकोवाने ती तीन शतांशांनी मोडली आणि आठवड्याभरात सॉल्ट लेक सिटीच्या आणखी विरळ हवेत ३ मिनिटं ५२.०२ सेकंदांपर्यंत नेली. त्याच ओव्हलवर १५ फेब्रुवारी २०२० रोजी तिने ५००० मीटरचा आपला नऊ वर्षं जुना विक्रम मोडून ६ मिनिटं ४१.१८ सेकंदांवर आणला, आणि त्याच शर्यतीत रशियाच्या नतालिया वोरोनिनाने ६ मिनिटं ३९.०२ सेकंदांची वेळ नोंदवली. नागानोच्या दोघी त्या दिवशी तिच्याबरोबर सुटल्या असत्या, तर ती रेषेवर पोचली तेव्हा त्यांचे सुमारे अडीचशे मीटर उरले असते.